प्रत्येक भिंतीला विचारा, कशासाठी?

परळी ते लातूर रोड या लोहमार्गावर घाटनांदूर स्टेशन लागतं. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातलं, बालाघाटाच्या रांगांमधलं हे गाव. घरं कशी बांधावीत आणि गावं कशी वसवावीत, हे शिकायला इथे या, असं कुणी सुचवत नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी अहमदाबादच्या पोळा पाहायला जातात, राजस्थानच्या हवेल्या मोजतात, केरळच्या कौलारू घरांची चित्रं काढतात. मराठवाड्याचा हा पट्टा त्यांच्या वहीत क्वचितच येतो. पण पारंपरिक गावरचना थोड्या दिवसांत शिकायची असेल, तर याच पट्ट्यात यावं असं मला मनापासून वाटतं. परंपरेतलं शहाणपण इथे अजून उभं आहे. ते शहाणपण सुटलं की काय होतं, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखलाही शेजारच्या लातूर जिल्ह्यात आहे.

अशा छोट्या अभ्यासक्रमांची पद्धत आता रुळली आहे. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या बांधकामाचे एक-दोन आठवड्यांचे वर्ग चालतात. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात छोटे अभ्यासक्रम घेतं. पारंपरिक वास्तुकला आणि नगररचना यांसाठी इंटबाऊ ही आंतरराष्ट्रीय संस्था २००१ पासून काम करते. आठ-दहा दिवसांत कुणी गवंडी होत नाही, नगररचनाकार तर नाहीच. पण दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला ‘कशासाठी?’ असं विचारायची सवय तेवढ्या दिवसांत नक्की लागते. घाटनांदूरसारख्या गावात असा वर्ग भरवला, तर त्यात काय शिकवावं?

गाव इथेच का बसलं?

पहिल्या दिवशी घरांकडे पाहायचंच नाही. आधी जमीन पाहायची. गावाची जमीन दोन प्रकारची, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी केलेली भिंत दर वर्षी थोडी वर उचलली जाते, थोडी खाली बसते आणि तडकते. म्हणून जुनी गावं मुरमाड उंचवट्यावर बसली. मुरूम हलत नाही, पावसाचं पाणी चारी अंगांनी वाहून जातं आणि पिकाऊ जमीन वस्तीखाली जात नाही. एका निर्णयात तीन कामं झाली.

हे विद्यार्थ्यांना तोंडी सांगून उपयोग नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यांच्या हाती द्यावी. गढी किंवा देऊळ ज्या उंच जागेवर असेल तिथून ओढ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं उतार मोजून घ्यावा आणि त्याचा नकाशा काढायला लावावा. मग गल्ल्या जशा वळल्यात तशा का वळल्यात, याचं अर्धं उत्तर त्या नकाशातच सापडतं. बहुतेक गल्ल्या पाण्याच्या वाटेनं गेलेल्या असतात. पुढे ज्यांनी उतार न पाहता सिमेंटचा रस्ता उंच केला, त्यांच्यामुळे पावसाळ्यात कुणाच्या ओसरीत पाणी शिरतं, तेही याच नकाशावर दिसतं.

गाव आधी पायांनी तपासायचं, ही रीत शिकवणारा एक मोठा माणूस महाराष्ट्रात राहून गेला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिले. दाट वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढायचा तेव्हाचा सरकारी खाक्या त्यांना मान्य नव्हता. आधी गल्लीगल्लीतून हिंडा, नेमकं दुखणं शोधा आणि तेवढ्यापुरतीच शस्त्रक्रिया करा, असं ते सांगत. एखादं पडीक घर काढून तिथे छोटा चौक करायचा, झाड लावायचं, विहीर दुरुस्त करायची. शंभर वर्षं उलटली तरी गावठाण सुधारायची याहून स्वस्त आणि माणुसकीची पद्धत मला माहीत नाही.

गल्ली, पार आणि गावकूस

दुसरा दिवस गल्लीचा. गल्ली अरुंद का? जागा वाचवायला आणि संरक्षणाला, ही उत्तरं लगेच येतात. तिसरं उत्तर मोजून काढावं लागतं. दक्षिणोत्तर गल्ली ८ फूट रुंद आणि दोन्ही बाजूंच्या भिंती १२ फूट उंच धरल्या, तर मे महिन्यात तिच्या जमिनीवर ऊन पडतं ते भर दुपारच्या साडेचार-पाच तासांपुरतं. तोच रस्ता ४० फूट रुंद केला, की ऊन दहा तासांच्या वर जातं. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या प्रदेशात हा फरक फार मोठा आहे. सकाळी शाळेत जाणारं पोर आणि संध्याकाळी दारात बसलेली आजी सावलीत राहावी, एवढी सोय त्या आठ फुटांत आहे. रुंद रस्ता हवाच असेल, तर सावलीसाठी झाडं लावावी लागतात आणि ती जगवावीही लागतात.

वेस, वेशीतला मारुती, पार, चावडी, बाजारतळ, आड ही गावाची सामायिक ठिकाणं. सकाळी, दुपारी आणि रात्री तिथे कोण बसतं, कोण नुसतं तिथून जातं आणि कोण येतच नाही, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. पारावर पुरुष किती आणि बायका किती, हे मोजलं की गावाचा आराखडा वेगळाच दिसू लागतो.

इथेच वर्गानं एक कठीण गोष्ट टाळता कामा नये. जुन्या गावाच्या नकाशात गावकूस होतं आणि गावकुसाबाहेर माणसं होती. महारवाडा आणि मांगवाडा कुठे, त्यांचं पाणी कुठे, उतारावरून वाहत आलेलं सांडपाणी कोणाच्या दारात थांबत होतं, हे त्याच पाणनळीनं मोजता येतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगानावर कठोर टीका केली, ती याच नकाशाच्या अनुभवातून. पारंपरिक रचना शिकवणाऱ्यांनी हा भाग वगळला, तर ते अर्धंच गाव शिकवतात. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला काही उत्तरं हवामानाची येतात, काही सोयीची आणि काही निव्वळ अन्यायाची. पहिली घ्यायची, दुसरी आजच्या गरजेशी ताडून पाहायची आणि तिसरी ठामपणे नाकारायची.

माळवदाचं घर

तिसऱ्या दिवशी घरात जावं. या पट्ट्यातलं जुनं मोठं घर रस्त्याकडून आत जाताना एकेक पडदा ओलांडत जातं. आधी बाहेरचा ओटा, मग दरवाजा आणि ढेलज. ढेलजेत बसलेल्या पाहुण्याला घराचं आतलं काही दिसत नाही. पुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे माजघर आणि त्याच्याही आत देवघर, चूल, धान्याचं बळद. चौकामुळे जाड भिंतींच्या घराला मधोमध उजेड मिळतो. रात्री माळवदावर गार झालेली जड हवा चौकात उतरते आणि पहाटेपर्यंत ओसरी निवते. दिवसाचं ऊन जाड भिंतीतून आत यायला कित्येक तास लागतात. ते आत पोचतं तेव्हा घरातली माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात.

सपाट छप्पर इथे चाललं, कारण पाऊस कमी. कोकणात जिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे उतरतं कौलारू छप्पर लागतं. बीड जिल्ह्यात त्याच्या पाव हिश्श्याएवढाही पाऊस अनेकदा होत नाही. मग छप्पर हीच एक जास्तीची खोली होते. मिरच्या, कुरडया, शेवया वाळवायला, डाळ पसरायला आणि उन्हाळ्यात अंथरूण टाकायला.

माळवद कसं घडतं, ते जवळून पाहायला हवं. जमिनीवर दगडी उथळा, त्यावर लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, त्यावर तुळई. तुळयांवर आडव्या दांड्या, दांड्यांवर फळ्या. ऐपत असेल तर सागवान, नसेल तर बाभूळ आणि लिंब. फळ्यांवर पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ती चोपण्यानं बडवून घट्ट करायची आणि पाणी पन्हाळीकडे जाईल असा हलका उतार द्यायचा. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून येते. ती काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही आणि ओली झाली की वरचा थर गच्च बसून पाणी अडवते. मधूनच छताला सानं ठेवलेलं असतं. त्या झरोक्यातून चुलीचा धूर वर जातो आणि उन्हाचा कवडसा आत उतरतो. पावसाळ्यात त्यावर झाकण.

दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं मोजमाप खणात. घर केवढं, असं विचारलं तर पाच खण, नऊ खण असं उत्तर यायचं. खण साधारण पाच-सहा फुटांचा, कारण हाताशी मिळणारं लाकूड तेवढंच अंतर वाकल्याशिवाय पेलतं. कुटुंब वाढलं की खण वाढवायचे. अंबाजोगाईचं बाराखांबी मंदिर पाहिलेल्या माणसाला हा तर्क ओळखीचा वाटेल. तिथे खांब आणि तुळया दगडाच्या, इथे लाकडाच्या. वजन खांबांनी उचलायचं आणि भिंतीनं ऊन, चोर, वारा अडवायचा, ही वाटणी दोन्हीकडे दिसते.

जिथे कारण सुटलं

चौथा दिवस लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं ही मध्यम म्हणावी अशी. तरी लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्या घराखाली.

त्या घरांचं काय चुकलं, याचा अभ्यास नंतर अभियंत्यांनी बारकाईनं केला. भिंत दोन-अडीच फूट जाड, कधी त्याहूनही जास्त, पण ती एकसंध नव्हती. बाहेरची एक पडदी, आतली एक पडदी आणि मध्ये दगडगोट्यांचा, चिखलाचा भराव. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जमीन हलली तसा मधला भराव खाली सरकत गेला, पडद्या फुगल्या आणि ढासळल्या.

दुसरं कारण डोक्यावर होतं. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची रीत होती. जुना थर मात्र काढला जात नसे. वर्षानुवर्षं माती चढत गेली आणि कित्येक घरांवर तिची जाडी दोन फुटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहून वर पोचली. विद्यार्थ्यांनी इथे गणित मांडावं. १० फूट बाय १० फूट खोलीवर २ फूट माती म्हणजे साडेपाच घनमीटरहून थोडी जास्त. घनमीटरला १६०० किलो धरले, तरी वजन होतं ९ टन. एवढा भार खिळखिळ्या सांध्यांच्या खांबांवर आणि न बांधलेल्या भिंतींवर होता.

काही घरांत भिंती बाहेर कोसळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसं वाचली. म्हणजे खणाचा मूळ विचार खोटा नव्हता. सांधे पक्के असते, भिंत बांधलेली असती आणि माती वेळच्या वेळी उतरवली असती, तर याच घरांनी अनेकांना वाचवलं असतं. रीत चालू राहिली, तिच्यामागचं कारण मात्र गळून पडलं. परंपरेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं हे नीट समजून घ्यायला हवं. माती गळती थांबवते हे लक्षात राहिलं, माती जड असते हे राहिलं नाही.

उपाय अवघड नव्हते. १९९३ मध्येच निघालेल्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात दगडी भिंतींसाठी साधे नियम दिले आहेत. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. घराभोवती सलग पट्टा हवा. उभ्या घरातही भिंतीला भोक पाडून, आत सळई आणि काँक्रीट भरून असे बांध घालता येतात आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवता येते. वर्गानं एखाद्या पडक्या भिंतीचा छेद खरोखर उघडून पाहावा, आरपार दगड मोजावेत. ही एक सकाळ पुस्तकाच्या अनेक प्रकरणांहून मोलाची ठरते.

पाणी आणि माती

पाचवा दिवस पाण्याचा. मराठवाड्यात बारवा गावोगावी आहेत. पायऱ्यांनी खाली उतरत पाण्यापर्यंत नेणारी ही विहीर उन्हाळ्यात पातळी कितीही खाली गेली तरी माणसाला पाण्याजवळ जाऊ देते. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव आता लोक दुरून पाहायला येतात. खुद्द बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना बावडी तर अभियांत्रिकीचा उत्तम धडा आहे. निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळात राजा भास्कर यांनी ती रचली असं सांगितलं जातं. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तसंच बोगद्यातून, कुठलाही पंप न लावता, निव्वळ उतारावर शेतांपर्यंत जातं. विंधन विहिरींनी खोल खोल जाणाऱ्या जिल्ह्यात मुलांनी ही बावडी पाहिलीच पाहिजे.

सहाव्या दिवशी हात मातीत घालायचे. बाटलीत एक तृतीयांश माती घ्यायची, चिमूटभर मीठ टाकायचं, पाणी भरून जोरात हलवायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी थर दिसतात. तळाशी वाळू, मग पोयटा, वर चिकणमाती. पट्टीनं थर मोजले की मातीचं मिश्रण कळतं. उन्हात वाळवायच्या विटेला साधारण १५ ते ३० टक्के चिकणमाती बरी. जास्त असेल तर वाळू घालायची, नसता वीट तडकते. मग मातीची वळी करून ती तळहातावरून पुढे सरकवायची आणि किती लांबीला तुटते ते पाहायचं. जुने गवंडी ही परीक्षा नुसत्या बोटांनी करतात.

या दिवशी शिकवणारे कोण असावेत, यावर वर्गाचं यश ठरेल. दगड घडवणारे वडार आणि पाथरवट, सांधे जोडणारे सुतार, भिंती लिंपणाऱ्या आणि सारवणाऱ्या बाया. लिंपणात भुसा किती, शेण किती, ते किती दिवस मुरवायचं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं, पण त्यांना कुणी गुरू मानून विचारत नाही. अशा वर्गानं त्यांना मानधन द्यावं, त्यांचं नाव तक्त्यावर लिहावं. ज्यांच्या हातात हे ज्ञान टिकलं त्यांना नुसतं ‘माहिती देणारे’ समजणं बरोबर नाही.

नवं गाव आणि घरकुल

सातवा दिवस पुनर्वसित गावांचा. भूकंपात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, जमीनधारणेप्रमाणे. भूकंपाच्या दृष्टीनं ती भक्कम, हे मोठं काम झालं. पण गावं सरळ रुंद रस्त्यांच्या चौकटीत आखली आणि जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरली. घराच्या आकाराप्रमाणे गट पडल्यानं अनेकांचे जुने शेजार मोडले. चौक गेला, पार गेला, ढेलज गेली. माणसांनी मग आपल्या हातांनी घरापुढे ओटा घातला, कुंपण घातलं, पत्र्याची पडवी काढली आणि जनावरांना आडोसा केला. या दुरुस्त्या म्हणजे लोकांनी आराखड्याला दिलेलं उत्तर आहे. विद्यार्थ्यांनी त्या मोजून काढाव्यात. गरज कशाची होती, हे त्यांतून स्पष्ट कळतं.

लोकांना न विचारता वसवलेल्या गावाचं असं इतरत्रही झालं. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे मातीचं गाव अतिशय सुंदर बांधलं, पण तिथे हलवल्या जाणाऱ्या लोकांना ते नकोच होतं आणि बरंचसं गाव रिकामं राहिलं. याउलट ब्रिटिश वास्तुविशारद लॉरी बेकर. ते १९४५ मध्ये भारतात आले. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला आणि घराचा मालक काय म्हणतो हे आधी ऐकलं. त्यांचं काम केरळात मुरलं. साहित्य स्थानिक असणं पुरेसं नाही, निर्णयही स्थानिक लागतो.

आज गावात सर्वांत जास्त घरं बांधली जातात ती घरकुल योजनेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्याच योजनेत ग्रामीण गवंड्यांना प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे आणि स्थानिक साहित्यातल्या घरांचे राज्यवार नमुनेही तयार केलेले आहेत. तरी गावोगाव उभं राहतं ते बहुधा एकाच छापाचं सिमेंटचं खोकं, दुपारी तापणारं आणि रात्री न निवणारं. पारंपरिक रचनेचं शिक्षण वाड्यांची चित्रं काढून संपलं, तर या घरांत राहणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून आठव्या दिवशीची परीक्षा घरकुलाची असावी. २५ चौरस मीटरचं घर काढा. मुरमापर्यंत गेलेला पाया, भूकंपाचा सलग पट्टा, रात्री झोपता येईल असं हलकं छत, धूर आणि उजेडासाठी सानं, रस्ता आणि चूल यांच्यामध्ये एक आडोसा, आणि पाच वर्षांनी एक खण वाढवायची सोय, एवढं त्यात बसवा. उतरत्या बाजूच्या शेजाऱ्याच्या दारात आपलं सांडपाणी जाणार नाही, हेही दाखवा. मग कागद तिघांसमोर ठेवा. त्या घरात राहणारी बाई, ते बांधणारा गवंडी आणि गावकुसाबाहेर वाढलेला एखादा म्हातारा. प्रत्येक भिंतीवर बोट ठेवून ते ‘कशासाठी?’ विचारतील. ज्या रेषेला उत्तर नसेल ती विद्यार्थ्यानं तिथेच खोडावी. असा वर्ग भरवायला मोठी इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेची एक शाळा, गावातले चार कारागीर आणि ग्रामपंचायतीचा एक ठराव एवढ्यावर तो घाटनांदूरला येत्या दिवाळीच्या सुट्टीतही सुरू होऊ शकतो.